उपकारस्तुतीचा हंगाम

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक अहमदनगर सोडून साताऱ्याला आले, तेव्हा त्यांनी मिशनचा पगार सोडून दिला होता. वय पन्नाशीच्या पुढे आणि तब्येत साथ देत नव्हती. पदरी संसार होता. तरीही यापुढचं आयुष्य संन्याशासारखं काढायचं, देव देईल त्यावर राहायचं आणि जे मिळेल ते वाटून खायचं, असं त्यांनी ठरवलं. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त ज्यात एकत्र बसतील असं हे भक्तांचं घर. ते फार काळ चाललं नाही, कारण ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. पण देवाचे उपकार मानणं म्हणजे काय, याचा महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसानं दिलेला सर्वांत कडक जबाब मला या दोन वर्षांत दिसतो. रविवारी गीत म्हणायचं आणि सोमवारी पगाराची चिंता करायची, हे त्यांना पटेनासं झालं होतं.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी घरदार तुटलं. ती तुटातूट आणि पुढचं जोडणं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ते नव्यानं सांगायला नको. इथे सांगायचं ते एवढंच की आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं टिळक स्वतः म्हणत. म्हणून त्यांची ख्रिस्ती प्रार्थना अभंगात उतरली. आज सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर, नगर इथल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या ख्रिस्ती समाजांत, रविवारी जे ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात असतं, त्यात टिळकांची पदं पानोपानी भेटतात. पेटी, तबला, झांज आणि मांडी घालून बसलेली माणसं. डोळे मिटून ऐकलं तर क्षणभर भजनी मंडळ वाटावं.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली ख्रिस्ती वस्ती दोन वाटांनी उभी राहिली. साताऱ्याकडे आणि वाईकडे अमेरिकन मराठी मिशन आलं. त्याचं मूळ मुंबईत, १८१३ सालात. साताऱ्यात रेव्हरंड हेन्री ब्रूस यांनी छापखाना चालवला, वाईत मिशनचं इस्पितळ होतं. सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन आले ते कोल्हापूरहून. रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात उतरले, तिथून ही शाखा पसरली. रोमन कॅथलिकांसाठी हा सगळा मुलूख १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात येतो. पंथ वेगळे, उपासनेच्या रीती वेगळ्या. पण उपकारस्तुती, म्हणजे देवाचे उपकार बोलून मानणं, सगळ्यांकडे आहे.

प्रार्थनेचा क्रम इथल्या कोणत्याही जुन्या प्रॉटेस्टंट घरात लहानपणीच शिकवतात. आधी देवाची स्तुती, मग पापांगीकार, मग उपकारस्तुती आणि त्यानंतर मागणं. शेवटी इतरांसाठी मध्यस्थी. म्हणजे मागण्याच्या आधी मिळालेल्याचा हिशेब द्यायचा. आजी प्रार्थनेला बसली की ‘हे दयाळू स्वर्गीय पित्या’पासून सुरुवात होते. मग रात्र सुखरूप गेली, सकाळचा उजेड दिसला, सुनेचं बाळंतपण नीट पार पडलं, नातवाची एसटी वेळेवर पोहोचली, हे एकेक नाव घेऊन येतं. सगळं सांगून झालं की ‘येशूच्या नावानं मागतो’ आणि ‘आमेन’. परक्याला हे लांबलेलं वाटेल. पण ही यादी हाच या प्रार्थनेचा प्राण आहे. ‘सगळ्याबद्दल आभार’ असं मोघम म्हणणाऱ्याला जुनी माणसं हटकतात, कशाबद्दल ते सांग म्हणतात.

हीच यादी मंडळीतही येते. घर बांधलं, मूल झालं, ऑपरेशन करून माणूस घरी आला, दहावीचा निकाल लागला की पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, आणि शेजारच्या घरांना बोलावून उपकारस्तुतीची उपासना ठेवतात. रविवारी दानाच्या थाळीत पाकीट पडतं, त्यावर कारण लिहिलेलं असतं आणि ते वाचून दाखवतात. अमक्यांकडून मुलाला नोकरी लागल्याबद्दल, तमक्यांकडून अपघातातून वाचल्याबद्दल. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षभराचे उपकार आठवायला वेळ देतात. एकेक जण उठून साक्ष देतो. कुणाचा आवाज भरून येतो, कुणी दोनच वाक्यं बोलून खाली बसतं.

पाकिटावरचं नाव वाचून दाखवण्यात मिरवणं शिरतं, अशी तक्रार मंडळ्यांत होते, आणि ती रास्त आहे. रक्कम जाहीर करू नये, असं माझं मत आहे. पण कारण जाहीर व्हावं. गल्लीतल्या बाईचा ताप उतरला हे शंभर माणसांना कळतं आणि शंभर माणसं तिच्या वतीनं ‘आमेन’ म्हणतात, ही गोष्ट बारीक नाही. दुःखाची बातमी आपोआप पसरते, सुखाची मुद्दाम सांगावी लागते.

आणि मग हंगामाची उपासना. काही गावांत ती खरिपाची रास घरात आल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे असते, काही ठिकाणी रब्बीनंतर. प्रत्येक घरातून शेतातलं काहीतरी येतं. जत, कवठेमहांकाळकडे ज्वारीची कणसं आणि बाजरी, तासगावकडे द्राक्षं किंवा बेदाण्याची पिशवी, सांगलीजवळ हळदीचे गड्डे आणि उसाची मोळी, कोरेगावकडे घेवडा, सातारा तालुक्यात आलं, डोंगराकडे स्ट्रॉबेरी. शेत नसलेले कोंबडी आणतात, अंडी आणतात, शहरातली मंडळी तांदळाची पिशवी किंवा घरी केलेलं लोणचं आणतात. वेदीपुढे ढीग लागतो. लहान मुलांना टोपल्या धरून पुढे पाठवतात. पाळक हात पसरून प्रार्थना करतात.

उपासना संपली की अंगणात लिलाव. एरवी गंभीर असलेले वडीलधारे इथे खुलतात. पाय बांधलेली कोंबडी हातात उंच धरून बोली चढवली जाते. एखादा नारळ बाजारभावाच्या कितीतरी पट जातो, आणि घेणारा पैसे भरून तो नारळ पुन्हा लिलावाला ठेवतो. मग तोच नारळ दुसऱ्याकडून, तिसऱ्याकडून फिरतो. पैसा मंडळीच्या खर्चाला, गरजूंच्या मदतीला जातो. ज्या बाईनं एकच अंडं आणलं होतं तिचं अंडं कुणीतरी मोठ्या बोलीनं घेतो, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कोणत्याही प्रवचनात सापडणार नाही.

या सणाचं मूळ जुन्या करारात, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात आहे. पहिलं पीक टोपलीत घालून आणायचं, याजकाच्या हाती द्यायचं आणि त्या वेळी आपली कहाणी बोलायची: आमचा पूर्वज भटका होता, आम्ही मिसरात गुलाम होतो, आमचे हाल झाले, आम्ही हाक मारली, देवानं ऐकलं आणि या भूमीत आणलं. म्हणून हे पीक. त्यानंतर देवाच्या सेवेतल्या लेव्यासह आणि परक्यासह बसून जेवायचं. म्हणजे दाणा देवापुढे ठेवताना गुलामीचा उच्चार करायचाच, तो वगळून आभार पुरे होत नाहीत.

सातारा-सांगलीच्या मंडळ्यांत हा अध्याय वाचला जातो तेव्हा तो पुस्तकी राहत नाही. इथली बरीच ख्रिस्ती घरं मूळची महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली. पाणवठा बंद, देऊळ बंद, वतनाच्या नावाखाली राबणूक. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनच्या अनाथाश्रमांनी आणि कामांनी अनेकांना जगवलं. त्यावरून पोटासाठी धर्म बदलला, असा टोमणा या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला. तो टोमणा मारणाऱ्यांनी दुष्काळात किती जणांना जेवू घातलं, हे विचारायला हवं. भुकेल्याला भाकरी देणाऱ्याचे आणि त्याच्या देवाचे उपकार मानणं ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. पणजोबांना वेशीबाहेर उभं राहावं लागत होतं आणि नात आज शिक्षिका आहे, हे हंगामाच्या उपासनेत बोललं जातं तेव्हा अनुवादाचा २६ वा अध्याय अक्षरशः पाळला जातो.

आणि उपकार मानले म्हणून गाऱ्हाणं संपत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांना आजही नाही. स्तोत्रसंहितेत आभाराच्या स्तोत्रांच्या शेजारीच विलापाची स्तोत्रं आहेत. ज्या मंडळीत फक्त आभार आणि आनंद चालतो, रडायला आणि हक्क मागायला जागा नसते, तिथली उपकारस्तुती मला पोकळ वाटते.

नवस आणि उपकारस्तुती यांची गल्लत इथेही होते. चहूकडे नवस बोलण्याची आणि फेडण्याची रीत असताना ख्रिस्ती घर त्यापासून अलग कसं राहील? ‘देवा, एवढं होऊ दे, मग मी मंडळीला पंखा देईन’ असं मनात बोलणारे पुष्कळ आहेत. चांगले पाळक यावर स्पष्ट बोलतात. नवसात आधी करार होतो, काम झालं की रक्कम चुकती होते आणि दोघेही मोकळे. उपकारस्तुतीत चुकतं काही होत नाही, माणूस देणेकरीच राहतो, आणि तसं राहण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. टिळकांना तुकोबांमध्ये जे सापडलं ते हेच असावं. वारकरीही पंढरीला काही मागायला जात नाही.

मिरजेला गेल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. डॉक्टर विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. १८८९ साली ते सांगलीत आले, पुढे मिरजेत दवाखाना आणि १८९४ मध्ये इस्पितळ उभं राहिलं. १८९७ पासून तिथे डॉक्टरकी शिकवणंही सुरू झालं. या ‘मिशन हॉस्पिटल’मध्ये दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातून बैलगाड्या भरून रोगी येत. वानलेस यांच्या नावाची वानलेसवाडी आज सांगली आणि मिरज यांच्या मधे आहे. कुष्ठरोग्यांसाठी मिरजेत रिचर्डसन यांच्या नावाचं वेगळं इस्पितळ निघालं.

कुष्ठरोग्यांचा उल्लेख मुद्दाम केला. लूककृत शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही बरे झाले, आभार मानायला परत आला तो एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी हलका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. पण परत न आलेल्या नऊ जणांचा रोग त्यानं पुन्हा त्यांच्या अंगावर घातला नाही, हे वाचताना सहसा निसटतं. मिरजेच्या इस्पितळात बरे होऊन गेलेल्यांत हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत सगळे होते आणि बहुतेक जण आपापल्या देवाकडे परत गेले. आभाराची अट घालून केलेली सेवा ही सेवा नव्हे. मिशनच्या इतिहासात ही अट कधीच कुणी मनात धरली नाही, असा दावा मी करणार नाही. पण जिथे ती गळून पडली तिथलं काम टिकलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि निम्मं शहर पाण्याखाली गेलं. अशा वर्षी हंगामाच्या उपासनेत काय आणायचं? थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात प्रेषित पौल सर्व स्थितींत उपकारस्तुती करायला सांगतो. सर्व स्थितींत, सर्व गोष्टींबद्दल नव्हे. पुराबद्दल कुणी देवाचे आभार मानू नयेत. पुरात नाव घेऊन आलेल्या माणसाबद्दल मानावेत. चिखल काढायला आलेल्या शेजाऱ्याबद्दल मानावेत. हा फरक न कळलेला माणूस दुःखी घरात जाऊन ‘देवाची इच्छा’ म्हणतो आणि जखमेवर मीठ चोळतो.

मराठीत ख्रिस्ती स्तुती आली ती टिळकांच्याही तीनशे वर्षं आधी. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, दहा हजारांहून अधिक ओव्यांचं. पुढे नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये पदं, सगळं जसंच्या तसं. स्टीफन्स, सांगळे, टिळक या तिघांनी मराठी श्रोत्याच्या कानाला सवय असलेली चाल धरली, म्हणून ती टिकली.

आता ती सुटत चालली आहे, ही माझी खरी काळजी आहे. मोठ्या स्पीकरवर हिंदी आणि इंग्रजी स्तुतिगीतं वाजतात, तरुणांना ती आवडतात, त्यात वाईट काही नाही. पण टिळकांचं एखादं पद कोणत्या रागात म्हणायचं, कुठे थांबायचं, हे तोंडपाठ असणारी माणसं सातारा, वाई, सांगली, मिरज इथे आता ऐंशीच्या घरात आहेत. पुस्तकात शब्द राहतील, चाली राहणार नाहीत. तसंच मंडळ्यांच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांचं. उपकारस्तुतीच्या दानापुढे लिहिलेली कारणं म्हणजे सामान्य माणसाच्या सुखदुःखाचा, पाऊसपाण्याचा, रोगराईचा, शिक्षणाचा आणि नोकऱ्यांचा इतिहास आहे. इतिहासकारांनी त्याकडे फारसं पाहिलेलं नाही आणि चर्च रंगवताना कपाट रिकामं करायचं म्हणून त्या वह्या रद्दीत जातात.

तुमच्या घरी, तुमच्या मंडळीत अशी वही असेल, ‘उपासना संगीत’ची जुनी, कडेला चालींच्या खुणा केलेली प्रत असेल, तर ती जपा आणि तिची छायाचित्रं काढून ठेवा. पदं पाठ असलेल्या आजी-आजोबांसमोर येत्या नाताळात मोबाइल ठेवा आणि त्यांना गाऊ द्या. ध्वनिमुद्रणावर गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख सांगायला विसरू नका.