जवसाचा दाणा

पावसाळा सरला, की नागपूर जिल्ह्यातील शेतकरी काळ्या जमिनीतील ओल जपतो. त्या ओलीवर तो गहू, हरभरा आणि जवस ही रब्बीची पिके घेतो. पूर्वेकडे भंडाऱ्याच्या बाजूला तर भात उभा असतानाच बांधीत जवसाचे बी फेकतात. भात कापला जातो, तेव्हा जवसाची कोवळी रोपे वर आलेली असतात.

थंडीत हे पीक फुलते. फूल लहान, बहुधा निळे आणि पाच पाकळ्यांचे असते. ते सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या गळून पडतात. मागे वाटोळे बोंड राहते. भरलेल्या बोंडात दहा दाणे असतात. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात या पिकावर पुष्कळ संशोधन झाले आहे. ‘एन. एल. ९७’ हा जवसाचा वाण नागपूरचाच आहे.

बोंडे तपकिरी झाली म्हणजे पीक कापतात, वाळवतात आणि काठीने झोडपतात. मग सुपाने पाखडून भूस उडवतात. दाणा चपटा व तुळतुळीत दिसतो. परंतु तो लगेच खाण्याजोगा नसतो. त्यापूर्वी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट पाण्याची. इतर धान्याप्रमाणे जवस धुऊन घेता येत नाही. पाणी लागताच त्याच्या सालीतून बुळबुळीत चिकट द्रव सुटतो आणि दाणे एकमेकांना चिकटतात. म्हणून जवस चाळून, पाखडून आणि खडे वेचूनच स्वच्छ करतात.

दुसरी गोष्ट भाजण्याची. कच्च्या जवसात असे एक द्रव्य असते, की दाणा दळून ओला झाला म्हणजे त्यातून सायनाइड हे विष थोड्या प्रमाणात मोकळे होते. म्हणून कच्चा जवस मुठी भरभरून खाऊ नये. भाजल्याने हा धोका बराच कमी होतो. लोखंडी कढईत मंद आचेवर दाणे सतत हलवत भाजतात. थोड्याच वेळात ते तडतडू लागतात, उड्या मारतात आणि खमंग वास सुटतो. दाणा करपला तर चटणी कडू होते. म्हणून कढई वेळीच उतरवावी लागते.

तिसरी गोष्ट कुटण्याची. जवसाची साल टणक असते. अखंड दाणा गिळला, तर तो पुष्कळदा न पचताच शरीराबाहेर पडतो. यासाठी भाजलेला जवस पूर्ण निववून लाल मिरची, लसूण आणि मीठ यांच्याबरोबर कुटतात. गरम दाणे कुटले, तर तेल सुटून त्यांचा गोळा होतो.

कुटलेली चटणी मात्र थोडीच करून ठेवावी. याचे कारण जवसाच्या तेलात आहे. दाण्याच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग तेल असते. हवा लागली, की या तेलाचा पातळ थर हळूहळू घट्ट होऊन वाळतो. त्यामुळे रंग आणि रोगण तयार करण्यासाठी त्याला मोठी मागणी असे. 1867 मध्ये नागपूरला आगगाडी आली. पुढे या भागातील जवस मुंबईमार्गे युरोपात जाऊ लागला. परंतु रंगाऱ्याच्या सोयीचा हा गुण स्वयंपाकघरात अडचणीचा ठरतो. दाणा अखंड असेपर्यंत साल आतील तेलाचे रक्षण करते. तो कुटला, की तेलाला हवा लागते आणि चटणी लवकर खवट होते.

म्हणूनच विदर्भातील गृहिणी वर्षाचा जवस अखंड साठवते आणि आठवड्यापुरताच भाजून कुटते. ज्वारीची गरम भाकर, तिच्यावर ही चटणी आणि वर थोडे तेल, एवढ्यावर शेतकऱ्याची न्याहारी होते. त्या साध्या ताटामागे दाण्याचा स्वभाव ओळखणाऱ्या हातांचे शहाणपण असते.