जुन्या वस्तूंची गृहसजावट (मावळ परिसर)

जुन्या वस्तूंची गृहसजावट म्हणजे पूर्वी वापरलेले लाकडी सामान, भांडी, दिवे, चित्रे आणि मोडलेल्या घरांचे सुटे भाग यांची डागडुजी करून ते राहत्या घरात पुन्हा उपयोगात आणण्याची पद्धत होय. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका, म्हणजे वडगाव मावळ, तळेगाव दाभाडे, कामशेत, मळवली आणि लोणावळा हा पट्टा, यांच्या संदर्भात या पद्धतीचा विचार केला आहे. वडगाव हे या तालुक्याचे मुख्यालय आहे. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांच्या जुन्या बाजारांपासून हा भाग एका दिवसाच्या अंतरात असून येथील मुसळधार पाऊस हा जुन्या लाकडाच्या निगेतील सर्वांत महत्त्वाचा घटक ठरतो.

संज्ञा

नित्याच्या बोलण्यात ‘जुने’, ‘वापरलेले’ आणि ‘अँटिक’ हे शब्द सरसकट एकमेकांऐवजी योजले जातात. त्यांच्या अर्थांत मात्र फरक आहे. भारतीय कायद्यानुसार सामान्यतः शंभर वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात असलेली वस्तू ‘पुरावस्तू’ ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. आजी-आजोबांच्या काळातील, पण शंभरी न गाठलेल्या वस्तूंना व्यापारात ‘व्हिंटेज’ म्हणतात. केवळ आधीच्या मालकाने वापरलेली वस्तू ‘सेकंडहँड’ होय. ती पाच वर्षांपूर्वीचीही असू शकते.

पार्श्वभूमी

मराठी घरातील पारंपरिक राहणी जमिनीलगतची होती. जेवणासाठी पाट, पूजेसाठी चौरंग, बसण्यासाठी गादी, लोड व तक्के, तर विसाव्यासाठी कड्यांचा झोपाळा एवढे सामान पुरेसे होई. साठवणीची सोय बहुधा भिंतीतच असे. कोनाडा, देवळी, फडताळ आणि खुंटी हे घराच्या बांधणीचेच भाग होते. सुट्या सामानात पितळी पट्ट्यांची पेटी, पेटारा, हडपा, घडवंची आणि कारकुनाचे उतरत्या झाकणाचे डेस्क यांचा समावेश होई.

उंच बैठकीचे सामान टप्प्याटप्प्याने आले आणि त्याचा माग भाषेतही लागतो. ‘खुर्ची’ हा शब्द मूळ अरबी, ‘अलमारी’ पोर्तुगीज, तर ‘टेबल’ इंग्रजी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील कारागीर शिसवी लाकडावर दाट कोरीवकाम करून युरोपीय घाटाचे सामान बनवू लागले. व्हिएन्ना येथील थोनेट कारखान्याने १८५९ साली वाफेने वाकवलेल्या लाकडाची जी हलकी खुर्ची प्रचारात आणली, त्या घाटाच्या खुर्च्या पुढे इराणी हॉटेलांमुळे मुंबई-पुण्यात घरोघरी ओळखीच्या झाल्या. गोदरेज कंपनीने १९२३ साली पोलादी कपाटे बनवण्यास आरंभ केल्यावर लाकडी पेट्यांचे महत्त्व हळूहळू ओसरले आणि अशा अनेक पेट्या माळ्यावर गेल्या.

मावळातील वारसा

जुने लाकूड किती टिकते याचे उत्तम उदाहरण मावळातच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला मूळ लाकडी कमानी आजही आहेत. पावसाचा थेट मारा नाही आणि हवा खेळती आहे, अशा स्थितीत चांगले लाकूड शतकानुशतके टिकते, हे त्यांवरून दिसते.

बोरघाटातून लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्यानंतर खंडाळा व लोणावळा ही मुंबईकरांची थंड हवेची ठिकाणे बनली आणि तेथे धनिकांचे बंगले उभे राहिले. लांब हातांच्या आरामखुर्च्या, वेताच्या विणीचे कोच, आरशाची कपाटे आणि संगमरवरी माथ्याची टेबले हे अशा बंगल्यांतील सामान होते. बंगला विकला वा पाडला गेला की ते बाजारात येते.

चित्रांच्या बाबतीत मळवलीचे स्थान विशेष आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत स्थापन केलेला शिळाछापखाना १८९९ साली मळवली येथे हलवण्यात आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. लक्ष्मी, सरस्वती आणि पुराणांतील प्रसंग यांची येथे छापलेली रंगीत चित्रे देशभरच्या देवघरांत व दिवाणखान्यांत पोहोचली. १९७२ सालच्या आगीत छापखान्याची मोठी हानी झाली. त्यामुळे जुन्या चौकटीतून मिळणारे मळवलीचे अस्सल चित्र हा या परिसराच्या इतिहासाचाही पुरावा ठरतो.

तळेगाव दाभाडे येथे अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंड चळवळीतून १९०८ साली काच कारखाना सुरू झाला. लोकमान्य टिळकांचा या चळवळीला पाठिंबा होता. स्वदेशी काचसामानाच्या या परंपरेमुळे जुन्या काचेच्या वस्तूंनाही येथे स्थानिक संदर्भ आहे. कऱ्हाडजवळील ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील हा त्याच स्वदेशी उद्योगपर्वातील आणि आजही जुन्या बाजारात शोधला जाणारा नमुना होय.

वस्तू मिळण्याची ठिकाणे

पुण्यातील मंगळवार पेठ परिसराचा जुना बाजार बुधवारी व रविवारी भरण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे कुलपे, कड्या, दिवे, नाणी, घड्याळे आणि हत्यारे प्रामुख्याने मिळतात. मुंबईत भेंडी बाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवरील चोर बाजारात मोठे सामान आढळते, तर जोगेश्वरी पश्चिमेकडील ओशिवरा भागात दुरुस्त केलेल्या व जुन्या घाटावर नव्याने बनवलेल्या सामानाची दुकाने आहेत. चौकटी, खांब, तुळया व दारे यांसाठी जुन्या लाकडाच्या वखारी धुंडाळाव्या लागतात.

बाजाराखेरीज देवाणघेवाणीचे घरगुती मार्गही जुने आहेत. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण आणि रद्दी-भंगार घेणारा फेरीवाला हे पुनर्वापराच्या साखळीतील महत्त्वाचे दुवे होत. पाळणा नात्यागोत्यांत फिरवण्याची रीत सर्वत्र आहे. एकाच पाळण्यात अनेक पिढ्यांची मुले वाढणे शुभ मानले जाते. याउलट मृत व्यक्तीचे अंथरूण शय्यादानाच्या रूपाने घराबाहेर जाते, आणि अनोळखी घरातील जुना पलंग घेण्यास अनेक कुटुंबे आजही कचरतात.

अस्सलपणाची पारख

जुन्या वस्तूची पारख दर्शनी बाजूपेक्षा मागच्या व खालच्या बाजूने अधिक नेमकी होते. हाताने केलेल्या कामात खणाच्या कोपऱ्यांवरील गुंतवलेले दात थोडे असमान असतात. यंत्राने कापलेले दात अगदी एकसारखे दिसतात. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० नंतरच्या काळात रूढ झाले. म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांचे म्हणून दाखवलेल्या कपाटात मूळ जागी असे स्क्रू असतील, तर ते कपाट नवे किंवा दुरुस्त केलेले समजावे. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक आकसते. त्यामुळे जुन्या गोल टेबलाच्या माथ्याचा व्यास दोन दिशांनी मोजल्यास बहुधा थोडा फरक मिळतो. झीजही तर्कसंगत असावी लागते. खुर्चीचे हात, पुढची आडवी पट्टी आणि खणाची धाव येथे ती स्वाभाविक असते. सर्व बाजूंनी सारखी झीज ही पॉलिश कागदाची करामत असते.

लाकडाच्या नावातही फसगत होते. महाराष्ट्रातील जुने शिसवी सामान दक्षिण व पश्चिम भारतात आढळणाऱ्या काळसर, जड लाकडाचे असते. उत्तर भारतातील शीशम हे त्याच कुळातील पण वेगळ्या जातीचे, तपकिरी छटेचे लाकूड असून ते पुष्कळदा ‘शिसवी’ म्हणून विकले जाते.

रविवर्मा छापखान्याच्या चित्रांची परीक्षा भिंगाने करतात. शिळाछापात रंगाचे ठिपके हाताने दिलेले व अनियमित असतात. आधुनिक ऑफसेट छपाईत ते समान अंतरावर, जाळीसारखे दिसतात. चित्राच्या खालच्या कडेला छापखान्याचे नाव व ‘कार्ला-लोणावळा’ असा उल्लेख असल्यास ते मळवली पर्वाचे असण्याची शक्यता वाढते. मात्र केवळ नावावर विसंबून चालत नाही, कारण नक्कल करणारा नावासह नक्कल करतो.

पावसाळा आणि निगा

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे वडगाव-तळेगावच्या दिशेने तो झपाट्याने कमी होतो. त्यामुळे तळेगावात निर्धोक असणारी पेटी लोणावळ्याच्या बंद बंगल्यात एकाच पावसाळ्यात बुरसू शकते. ओलाव्याने लाकूड फुगते, खण अडकतात आणि पातळ लाकडी पापुद्रे सुटतात. फुगलेला खण लगेच रंधून घेणे ही नेहमीची चूक होय. हिवाळ्यात लाकूड आकसल्यावर तोच खण ढिला पडतो.

अवजड सामान बाहेरच्या भिंतीला न टेकवता चार बोटे अंतर सोडून ठेवणे, पायांखाली लाकडी ठोकळे देणे आणि उघडीप मिळताच दारे-खिडक्या उघडणे हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत. भिजलेले लाकूड कडक उन्हात ठेवल्यास चिरते; ते सावलीत, वाऱ्यावर सुकवावे लागते.

जुने सांधे बहुधा प्राणिजन्य सरसाने जोडलेले असतात. हा सरस ओलाव्याने सुटतो, तसाच तो गरम पाण्याने मुद्दाम सोडवून सांधा पुन्हा जोडताही येतो. आधुनिक रासायनिक गोंद वापरल्यास ही सोय कायमची जाते. लाखेच्या पॉलिशवर दमट हवेने पांढरे डाग पडतात. सगळे पॉलिश खरवडण्यापूर्वी अशा डागांवर स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवून पाहतात.

लाकडातील छिद्रांखाली फिकट, ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे असे समजतात. असे सामान इतर सामानापासून वेगळे ठेवतात आणि पॉलिश नसलेल्या भागावर बोरॅक्स व बोरिक आम्ल यांचे द्रावण देतात. वाळवी लाकडात नव्हे, तर जमिनीतून येते. तिच्यासाठी घराच्या पायाशी उपाय करावा लागतो. वेताची ढिली पडलेली वीण खालच्या बाजूने गरम पाण्याने ओली करून सुकू दिल्यास पुन्हा ताणली जाते. तुटलेली वीण मात्र नव्याने विणावी लागते.

आरोग्य व सुरक्षितता

जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली करण्यात आले. त्याआधीचा रंग घासताना उडणारी धूळ लहान मुलांना विशेष अपायकारक असते, म्हणून रंगवलेला पाळणा किंवा खेळणी कोरडी घासू नयेत. पितळी व तांब्याची भांडी आंबट पदार्थांसाठी वापरायची असल्यास आतून कल्हई आवश्यक आहे. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोट या डांबरी तेलात मुरवलेले असतात. ते घरात किंवा भाजीच्या वाफ्याजवळ वापरणे अयोग्य होय. जुन्या दिव्यांच्या व पंख्यांच्या तारा बदलून घेतल्यावरच त्यांना वीज जोडतात.

मांडणी

जुन्या सामानाचा आकार मोठ्या वाड्याच्या व बंगल्याच्या मापाने ठरलेला असतो. आजच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत शिसवी पलंग आणि आरशाचे कपाट एकत्र आल्यास खोलीची वखार होते. म्हणून एका खोलीत एकच ठळक जुनी वस्तू आणि तिच्याभोवती मोकळी जागा ही मांडणी सोयीची ठरते. वस्तूचा मूळ गुण टिकवून उपयोग बदलता येतो. धान्याच्या पेटीत अंथरुणे राहतात, घडवंचीवर पुस्तके मांडता येतात, वाड्याच्या दाराचे टेबल होते. झोपाळा टांगताना मात्र छताची ताकद तपासावी लागते. वाड्यात तो जाड सागवानी तुळईला लटकत असे. सदनिकेत त्याच्या कड्या काँक्रीटच्या तुळईतच बसवाव्या लागतात.

कायदेशीर बाबी

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार पुरावस्तूंची खासगी निर्यात करता येत नाही आणि शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांसारख्या अधिसूचित वर्गांतील पुरावस्तूंची नोंदणी करावी लागते. देवळातील कोरीव भाग किंवा मूर्ती विकत घेताना तिचा उगम विचारणे ही केवळ नैतिक बाब नाही. चोरीचा माल ठरल्यास ती जप्त होऊ शकते. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, त्यामुळे हस्तिदंती जडावाच्या पेट्या बाजारातून घेणे टाळतात. शिसवाच्या संपूर्ण कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आहे. परदेशस्थ नातलगांना असे सामान पाठवण्यापूर्वी परवान्याची चौकशी आवश्यक असते.

जतनाचा प्रश्न

वाडा पाडला जातो तेव्हा लाकडाला वजनावर किंवा घनफुटावर किंमत मिळते. त्यावरील कोरीवकामाला, गणेशपट्टीला किंवा सांध्यांच्या कौशल्याला बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. विकणारे कुटुंब अडचणीत असेल तर भाव आणखी उतरतो. स्वस्तात मिळालेल्या वस्तूमागे कोणाची तरी निकड असू शकते, हा या छंदाचा कमी बोलला जाणारा भाग आहे.

घरगुती वस्तू या इतिहासाची साधने आहेत हे महाराष्ट्रात ठसवण्याचे श्रेय दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांना दिले जाते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दारे, भांडी, वाद्ये अशा नित्याच्या वस्तू जमवण्यास सुरुवात केली. अकाली निवर्तलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेला हा संग्रह त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

प्रत्येक घर संग्रहालय होऊ शकत नाही, परंतु वस्तूची माहिती जपणे प्रत्येकाला शक्य आहे. मराठी घरांत भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, प्रसंग व तारीख टोचून घालण्याची प्रथा आहे. बाजारातून आलेल्या तांब्यावर किंवा परातीवर कुणा अनोळखी लग्नाची अशी तारीख सापडते. हौसेपोटी ती घासून काढल्यास भांडे चकाकते, पण त्याचा एकमेव दस्तऐवज नाहीसा होतो. म्हणून वस्तू कोठून, केव्हा व कोणत्या घरातून आली, तिला त्या घरात काय म्हणत आणि तिची कोणती दुरुस्ती केली याची चिठ्ठी खणाच्या तळाशी किंवा चौकटीच्या मागे चिकटवून ठेवण्याची पद्धत उपयुक्त आहे. हडपा, घडवंची, देवळी हे शब्द वस्तूंबरोबरच वापरातून जात असल्याने अशी चिठ्ठी पुढील पिढीसाठी वस्तूइतकीच मोलाची ठरते.