एका युनिटात किती बादल्या?

एक युनिट वीज खर्च करून किती पाणी तापेल? नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला हे गणित सहज जमेल. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, अर्थात सुमारे 860 किलोकॅलरी. आंघोळीची 20 लिटरची बादली 20 अंश सेल्सिअसपासून 40 अंशांपर्यंत तापवायला 20 × 20 = 400 किलोकॅलरी लागतात. म्हणजे एका युनिटात दोन बादल्या आणि वर थोडेसे. गिझर कितीही चांगला असला तरी यापुढे जाऊ शकत नाही.

आता उष्णता पंप, म्हणजे बाजारातला ‘हीट पंप’, याच एका युनिटात सहा बादल्या तापवतो असे म्हणतात. मग ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडला की काय? वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा.

नियम मोडत नाही. गिझर विजेपासून उष्णता तयार करतो. उष्णता पंप ती तयार करत नाही. तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात नेऊन टाकतो. वीज लागते ती या हमालीपुरती. एक युनिट विजेचे आणि सुमारे दोन युनिटे हवेतली, असा तीन युनिटांचा हिशेब जुळतो.

हे घडते कसे?

आपल्या घरातला फ्रिज हेच करतो. तो आतल्या भाज्यांची उष्णता काढून बाहेर टाकतो. म्हणून त्याची मागची किंवा कडेची बाजू हाताला गरम लागते. उष्णता पंपात भाज्यांच्या जागी बाहेरची हवा असते आणि गरम बाजू पाण्याच्या टाकीला जोडलेली असते.

नळ्यांतून फिरणारा शीतक पदार्थ कमी दाबाखाली अगदी कमी तापमानालाच उकळतो. हवा 12 अंशांची असली तरी तिच्यापेक्षा तो थंड असतो, म्हणून हवेतून उष्णता घेऊन त्याची वाफ होते. तळहातावर स्पिरिटचा थेंब टाकला की गार वाटते, तसेच हे. कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो आणि ती तापते. हवा भरताना सायकलचा पंप तापतो, हे विद्यार्थ्यांनी अनुभवलेलेच असते. ही गरम वाफ टाकीभोवतीच्या नळीत पुन्हा द्रव होते आणि आपला अप्रकट उष्मा पाण्याला देते. मग एका अरुंद वाटेने दाब उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. अशा यंत्राने इमारती उबदार ठेवता येतील, ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनी 1852 सालीच मांडली होती.

आपल्या शहराचे हवामान

उष्णता जितकी उंच चढवायची, तितकी हमाली जास्त. छत्रपती संभाजीनगरात हिवाळ्यात पहाटे पारा 10 ते 12 अंशांपर्यंत उतरतो, पण त्याच दिवशी दुपारी तो 28-29 अंशांवर असतो. पाणी 50 अंशांपर्यंत न्यायचे तर पहाटे 38 अंशांची चढण आहे, दुपारी 21 अंशांची. केल्व्हिन मापनात आदर्श यंत्राची मर्यादा काढली तर पहाटे 323 भागिले 38, म्हणजे साडेआठ येते. दुपारी 323 भागिले 21, म्हणजे पंधरा. खरी यंत्रे या मर्यादेच्या बरीच खाली, तीनच्या आसपास असतात. पण दुपारी काम सोपे, हा धडा त्यांनाही लागू आहे. म्हणून येथे यंत्र दुपारी चालवावे आणि चांगल्या आवरणाच्या टाकीत पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवावे. छतावर सौर वीज असेल तर दुपारची वीजही घरचीच. विकत घेताना यंत्राचा गुणांक हवेच्या कोणत्या तापमानाला मोजला आहे, हे अवश्य विचारावे.

घ्यावे की न घ्यावे?

चार माणसांना मिळून सकाळी सहा बादल्या, म्हणजे 40 अंशांचे 120 लिटर पाणी लागते असे समजू. त्यासाठी 50 अंशांचे 80 लिटर आणि 20 अंशांचे 40 लिटर मिसळले की झाले. 100 लिटरची टाकी पुरते. गिझरला यासाठी रोज सुमारे तीन युनिटे लागतील, उष्णता पंपाला एक. बचत दोन युनिटांची. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरची टाकी आपोआप तापते, तेव्हा वर्षातले 240 दिवस धरू. बचत झाली 480 युनिटांची. युनिटचा दर 10 रुपये धरला तर 4,800 रुपये. गिझरपेक्षा यंत्राला समजा 60,000 रुपये जास्त पडले, तर ते फिटायला साडेबारा वर्षे लागतील. यंत्राचे आयुष्यही साधारण तेवढेच! पण आठ-दहा माणसांचे एकत्र कुटुंब असेल, किंवा वसतिगृह असेल, तर हाच काळ निम्म्याहून कमी होतो.

स्वतःची गच्ची असेल तर आधी सौर बंबाचा विचार करावा. त्याला वीज जवळजवळ लागत नाही. पावसाळी ढगांत मात्र तो थकतो. सदनिकेत राहणाऱ्यांना गच्ची मिळत नाही. तेथे उष्णता पंप उपयोगी. त्याला मोकळी हवा हवी, कारण तो थंड हवा बाहेर सोडतो आणि थोडा आवाजही करतो.

पाण्याचाही विचार हवा. येथे अनेक घरांत बोअरचे जड पाणी वापरतात. त्याचे क्षार तापलेल्या भागांवर बसतात आणि उष्णता पाण्यात जाण्यास अडथळा होतो; वेळोवेळी सफाई लागते. टाकी न्हाणीघराजवळ असावी. अर्ध्या इंची नळीच्या 15 मीटर लांबीत सुमारे अडीच लिटर पाणी मावते, आणि गरम पाणी येईपर्यंत दर वेळी ते वाया जाते. टाकीतले पाणी फार दिवस कोमट ठेवू नये. तशा पाण्यात लेजिओनेला जीवाणू वाढतात. आठवड्यातून एकदा ते 60 अंशांपर्यंत तापवावे.

पैशांच्या हिशेबापलीकडे आणखी एक गोष्ट आहे. औष्णिक वीजकेंद्रात कोळशाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो, आणि तेथे पाणीही लागते. 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. वाचलेले प्रत्येक युनिट म्हणजे मराठवाड्याचे थोडे पाणीही वाचले.

विद्यार्थ्यांना घरचे वीजबिल, बादलीचे माप आणि तापमापी घेऊन हे गणित आपापल्या घरासाठी करायला सांगावे. प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल. दुकानात जाण्यापूर्वी पालकांनी तेच उत्तर पाहावे.