पावसांतील रत्नागिरी : जालनेकरांच्या दृष्टीनें

समुद्र पाहावयाचा तो दिवाळीनंतर, अशी आपल्या घरांतून रूढ समजूत आहे. आणि समुद्रस्नान हाच प्रवासाचा हेतु असेल तर ती खोटीही नाहीं. परंतु मुलांच्या सुट्या, वडीलधाऱ्यांची प्रकृति आणि नोकरदार मंडळींच्या रजा या तिन्हींचा मेळ दर वेळीं मनाजोगा बसतोच असें नाहीं. श्रावणांत चार सुट्या जोडून येतात, जालन्याहून सारें कुटुंब रत्नागिरीस पोहोंचतें, आणि दुसरे दिवशीं सकाळीं पाहावें तों आभाळ फाटलेलें! अशा वेळीं खोलींत बसून पत्ते खेळावे, एवढाच मार्ग उरतो असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. रत्नागिरीचें बरेंचसें मोठेपण छपराखालीं पाहावयास मिळतें. त्याला ऊन लागत नाहीं.

प्रथम एक नियम मात्र सांगून ठेवणें अवश्य आहे. या दिवसांत समुद्र दुरूनच पाहावा. यांत्रिक नौकांच्या मासेमारीस 1 जून ते 31 जुलैपर्यंत सरकारी बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा केल्यावांचून कोळी बांधव होडी लोटीत नाहींत. ज्यांचा जन्म लाटांवर गेला ते जेथें थांबतात, तेथें कुंडलिकेच्या कांठच्या आपण मंडळींनीं धैर्य दाखविण्यांत शहाणपण नाहीं. आपली पाण्याशीं ओळख विहिरीची आणि तळ्याची. किनाऱ्याकडे येणारी लाट डोळ्यांस दिसते, पण परतणारी लाट पायांखालची वाळू ओढून नेते, ती दिसत नाहीं. तरुण मुलांना हें घरूनच बजावून न्यावें. गणपतिपुळ्याच्या वाळवंटावर उभें राहून सांगण्यास उशीर झालेला असतो.

आतां पाहण्यासारखीं स्थळें. पहिला मान थिबा राजवाड्यास. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनीं 1885 मध्यें मंडालेहून पदच्युत करून हिंदुस्थानांत आणिलें, व 1886 पासून रत्नागिरीस ठेविलें. हा वाडा बांधून झाला तो 1910 मध्यें. म्हणजे हद्दपारीचीं चोवीस वर्षें राजानें दुसरीकडेच काढिलीं, आणि स्वतःसाठीं बांधलेल्या या वास्तूंत त्याला जेमतेम सहा वर्षें लाभलीं. डिसेंबर 1916 मध्यें तो येथेंच वारला. राणी सुपयालत 1919 मध्यें मायदेशीं परतली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीसच परत येऊन राहिली, आणि तिची मुलगी टूटू येथल्या मराठी संसारांत मिसळून गेली. जांभ्या दगडाच्या भिंती, सागवानी नक्षीच्या अर्धगोल खिडक्या आणि खालीं भाट्याच्या खाडीवर कोसळणारा पाऊस हें सारें एकत्र पाहिलें म्हणजे परवशतेचा अर्थ मुलांस पुस्तकावांचून कळतो. दिल्लीच्या बहादुरशहास इंग्रजांनीं रंगूनला धाडिलें व रंगूनच्या बाजूचा राजा कोंकणांत आणिला, ही देवघेवही त्यांस अवश्य सांगावी.

तेथून टिळक आळींत जावें. 23 जुलै 1856 रोजीं लोकमान्यांचा जन्म झाला तें घर आज संरक्षित स्मारक आहे. कौलारू छपराचें, साधें, कोंकणी वळणाचें घर. शिक्षकाच्या संसारास शोभेल असेंच. लोकमान्यांची जयंती आणि 1 ऑगस्टची पुण्यतिथि दोन्ही पावसाळ्यांतच येतात, तेव्हां या दर्शनास हेच दिवस योग्य म्हणावयाचे. याच गांवीं सावरकर 1924 ते 1937 पर्यंत स्थानबद्ध होते. भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यानें 1931 मध्यें उभें राहिलेलें पतितपावन मंदिर सर्व जातींच्या हिंदूंस आरंभापासून मोकळें होतें. तेथें हात जोडतांना, त्या काळीं आपल्या घरच्या वडिलांनीं अशा मंदिराविषयीं काय मत दिलें असतें, हा प्रश्न प्रत्येकानें मनाशीं विचारून पाहावा. तें देवदर्शनाइतकेंच उपयुक्त आहे.

मुलांसाठीं झाडगांवचें मत्स्यालय आहे. देवमाशाचा भव्य सांगाडा पाहिल्यावर बाहेरच्या पावसाची आठवण कोणासही राहत नाहीं. दुपारीं कुळथाचें पिठलें, भात, सोलकढी आणि मिळालीच तर टाकळ्याची वा भारंगीची रानभाजी घ्यावी. ही पावसाळ्याचीच देणगी. पाऊस उघडल्यास संध्याकाळीं रत्नदुर्गावर भगवतीच्या दर्शनास जावें, पण निसरड्या तटाजवळ मुलांचा हात सोडूं नये.

आणि शेवटीं, खुद्द पाऊस हेंच आपणां मराठवाडेकरांस मोठें प्रेक्षणीय आहे. आपल्याकडे वर्षाकाठीं सरासरी सातशें मिलिमीटरांच्या आंतबाहेर पाऊस. रत्नागिरीस तीन हजारांहून अधिक. 2012–13 च्या दुष्काळांत जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, हें ज्यांनीं पाहिलें त्यांस रस्त्यांवरून समुद्राकडे धांवणारें हें पाणी पाहून पोटांत कालवल्यासारखें होतें. परंतु याच रत्नागिरी जिल्ह्यांत मे महिन्यांत कित्येक वाड्यांस टँकरचें पाणी प्यावें लागतें! उतार तीव्र, जांभा सच्छिद्र. आलेलें पाणी थांबत नाहीं. उलट आपल्या जिल्ह्यांतील कडवंची गांवानें बांधबंदिस्ती व शेततळीं करून थोड्या पावसावर द्राक्षांचे मळे उभे केले. किती पडतें यापेक्षां किती अडतें, हाच खरा हिशेब होय.

हा हिशेब घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलास त्या मुसळधारेंत उभें राहून समजला, तर समुद्रस्नान चुकलें म्हणून हळहळण्याचें कांहीं कारण नाहीं. छत्र्या पुरेशा घ्याव्या, वृद्धांसाठीं कोरडे कपडे व काढ्याची पुडी जवळ असावी, घाटांतील दरडींची चौकशी करूनच निघावें, आणि पावसानें दिवस वाया गेला असें कोणासही म्हणूं देऊं नये.