परमुलुखाची ओळख आणि बालकांचे हसू

दुसऱ्या देशातील लोकांची ओळख करून देताना त्यांचा पोशाख, त्यांचे अन्न व त्यांचे सण यांचीच यादी बहुधा मुलांपुढे ठेवली जाते. मुलांना गंमत वाटते. परंतु ती गंमत पुष्कळदा परक्याला हसण्याची असते. अशा ओळखीने आपुलकी वाढत नाही; उलट ‘आपण शहाणे, ते विचित्र’ ही समजूत बळावते. हा दोष कसा टाळावा, याचा उत्तम वस्तुपाठ दूरचित्रवाणीवरील एका बालकार्यक्रमाने घालून दिला आहे.

अमेरिकेत १९६९ साली ‘सेसमी स्ट्रीट’ ही बालकांची मालिका सुरू झाली. तीतील ‘बिग बर्ड’ हा आठ फुटांहून उंच पिवळा पक्षी. स्वभावाने मात्र सहा वर्षांचे मूल. १९८३ साली ‘बिग बर्ड इन चायना’ हा विशेष कार्यक्रम दाखविण्यात आला. चित्रात पाहिलेल्या एका अद्भुत पक्ष्याचा शोध घेत बिग बर्ड आपल्या कुत्र्यासह चीनला जातो. तेथे त्याला ना भाषा येते, ना वाट ठाऊक असते. एक लहान चिनी मुलगी त्याची दुभाषी व वाटाडी होते.

या रचनेतील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. येथे अजाण आहे तो पाहुणा आणि जाणती आहे ती त्या देशाची मुलगी. फजिती होते ती बिग बर्डची. प्रेक्षक बालके हसतात ती त्यालाच. शिवाय तो त्यांचा लाडका असल्याने त्या हसण्यात तुच्छता नसते. त्याच्याबरोबर तीही विचारू लागतात, शिकू लागतात.

भारतात २००६ साली याच मालिकेवरून ‘गली गली सिम सिम’ ही हिंदी मालिका निघाली. तीत अमेरिकेतील रस्ता न आणता येथील गल्ली उभी केली गेली आणि गणवेश घातलेली चमकी ही शाळकरी मुलगी पुढे आली. ज्यांची ओळख करून द्यावयाची, त्यांनाच बोलू द्यावे, हे तत्त्व येथेही दिसते.

शिक्षकांनी असा कार्यक्रम दाखविण्यापूर्वी तो देश नकाशावर दाखवावा. नंतर ‘त्यांचे काय निराळे दिसले?’ एवढ्यावर न थांबता ‘आपण तेथे गेलो तर आपणांस काय येणार नाही? ते कोणास विचारावे लागेल?’ असे प्रश्न विचारावेत.

ऊसतोडीच्या हंगामात परजिल्ह्यातील मूल वर्गात येते, तेव्हा या शिक्षणाची खरी कसोटी लागते. त्याच्या बोलीतील एखाद्या शब्दाला वर्ग हसला, तर ते मूल मुके होते आणि पुढे शाळेकडे फिरकतही नाही. तोच शब्द शिक्षकांनी फळ्यावर लिहून त्याचा अर्थ त्या मुलासच सांगावयास लावला, तर ते त्या दिवसापुरते वर्गाचा शिक्षक होते. परमुलुखाची ओळख येथूनच सुरू होते.