विमानतळाचा ब्लॉक चारोटीत बनेल का? पेव्हर ब्लॉकवाल्यांसाठी धंद्याचं गणित



चारोटी, कासा, तलासरी या पट्ट्यात तुमचं पेव्हर ब्लॉकचं युनिट असेल, तर तुमची गिऱ्हाइकं बहुतेक ठरलेली असतात: बंगल्याचं अंगण, ग्रामपंचायतीची गल्ली, शाळेचं पटांगण. मग विमानतळाशी आपला काय संबंध? आहे. कसा ते बघा.

विमानतळावर ब्लॉक का लावतात?

हाँगकाँगचा विमानतळ 1998 साली सुरू झाला, तोही समुद्रात भर टाकून केलेल्या जमिनीवर. तिथे विमानं उभी राहतात त्या भागात लाखो चौरस मीटर काँक्रीट ब्लॉक बसवले आहेत. कारणं तीन.

1. इंधन सांडलं की डांबर मऊ पडतं, ब्लॉकला तसं होत नाही.
2. जड वजन एकाच जागी तासन्‌तास उभं राहिलं की उन्हात डांबर दबतं.
3. जमीन खचली किंवा खाली केबल टाकायची असली, तर ब्लॉक काढा, दुरुस्ती करा, तेच ब्लॉक परत बसवा.

एक मर्यादाही आहे. इंजिनाच्या झोताने सांध्यातली वाळू उडते, म्हणून सांध्यांवर वाळू धरून ठेवणारं द्रव्य ओततात. मुख्य धावपट्टीवर ब्लॉक सहसा लावत नाहीत.

आता हीच तीन कारणं महामार्गावर लावून बघा. पेट्रोल पंप, ट्रक उभे राहायचं आवार, वजनकाटा, गोदाम. डिझेल तेच, उभं वजन तेच.

खरी गंमत इथे आहे

आपल्या आयएस 15658 या मानकात ब्लॉकचे वर्ग एम-30 पासून एम-55 पर्यंत आहेत. सगळ्यात वरच्या, म्हणजे अतिजड वाहतुकीच्या वर्गात विमानतळ आणि बंदरातलं कंटेनर यार्ड शेजारी शेजारी बसतात. आणि आपल्या डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली आहे.

पण बंदराच्या भरवशावर कर्ज काढू नका. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, आणि एवढ्या मोठ्या कामात छोट्या युनिटला थेट ऑर्डर मिळणं कठीण. तुमचं पहिलं गिऱ्हाईक महामार्गावरच आहे.

पैसा कुठे अडकतो?

जास्त सिमेंट टाकलं की झाला जड ब्लॉक, असं नसतं. पाणी मोजून घालावं लागतं, दाब आणि व्हायब्रेशन नीट लागतं, आणि पाणी मारणं चुकवून चालत नाही. ताकद मोजतात ती 28 दिवसांची. घाईत आठव्या दिवशी गाडी भरली, तर त्या ब्लॉकवर ट्रक उभा करायची हमी कोण देणार?

समजा, रोज 2,000 ब्लॉक निघतात आणि एकाला 15 रुपये खर्च येतो. 28 दिवसांत 56,000 ब्लॉक, म्हणजे 8 लाख 40 हजार रुपये आवारात पडून. छोटं युनिट इथेच अडकू शकतं. म्हणून सगळं उत्पादन एकदम बदलू नका. ऑर्डर हातात आली की तेवढ्यापुरता वेगळा लॉट काढा, कच्च्या मालाचे पैसे आगाऊ घ्या, आणि पोचवायची तारीख 28 दिवस धरूनच सांगा.

बसवण्याची जबाबदारी ठरवा

चांगला ब्लॉकही वाईट बसवला तर उखडतो, आणि नाव तुमचं खराब होतं. खाली दाबून पक्का केलेला थर, वर वाळूचा पातळ थर, हेरिंगबोन म्हणजे माशाच्या काट्यासारखी मांडणी, कडेला घट्ट काँक्रीटची धार आणि सांध्यात बारीक कोरडी वाळू. पालघरच्या पावसात पाण्याचा निचरा नसेल तर ही वाळू वाहून जाते आणि ब्लॉक हलायला लागतात. कोटेशनमध्ये बसवणं तुमच्याकडे की त्यांच्याकडे, हे स्पष्ट लिहा.

या आठवड्याचं काम

तुमच्या सध्याच्या लॉटमधले ब्लॉक 28 दिवस पूर्ण झाल्यावर लॅबमध्ये द्या. ताकद आणि पाणी शोषण, दोन्हींचा रिपोर्ट घ्या. तो हातात आला की चारोटी नाक्याच्या दोन्ही बाजूंचे पाच पंपवाले आणि गोदामवाले गाठा. भाव सांगायच्या आधी रिपोर्ट समोर ठेवा.

काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये नक्की कळवा!