मुलांची पोटगी : कशी ठरते, कशी मिळते

नवरा-बायको वेगळे राहू लागले तरी मुलांची फी, दूध, औषधपाणी थांबत नाही. हा खर्च कुणी किती उचलायचा, याचा ठरलेला तक्ता आपल्या कायद्यात नाही. पगाराच्या अमुक टक्के असा नियमही नाही. मुलाची गरज आणि आईवडिलांची ऐपत पाहून न्यायालय रक्कम ठरवते. त्यामुळे खरी तयारी असते ती कागदांची.

अर्जाचे मुख्य मार्ग दोन. घटस्फोटाचा दावा चालू असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच दाव्यात मुलांचा खर्च मागता येतो. दावा नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. पूर्वी ‘१२५ची केस’ म्हणत ती हीच. १ जुलै २०२४ पासून कलमाचा आकडा बदलला. हा मार्ग सर्व धर्मीयांना खुला आहे आणि आईवडिलांचे लग्न झालेले नसले तरी मुलाचा हक्क राहतो. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तिथे महिला आणि मुलांना मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना मिळकत, मालमत्ता आणि कर्जे यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सोबत पगारपत्रक, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र जोडावे. मुलाच्या खर्चाची यादी महिन्यावार करावी: शाळेची फी, व्हॅन, क्लास, वह्या-पुस्तके, डॉक्टर, घरभाड्यातला वाटा. जूनमधला गणवेश आणि वर्षाची फी यांना बाराने भागून महिन्याचा आकडा काढावा, नाहीतर नेमका मोठा खर्च यादीतून निसटतो. आईही पुरेशी कमावत असेल, तर खर्च दोघांत मिळकतीच्या प्रमाणात वाटला जातो.

निकालाला वेळ लागतो, म्हणून अंतरिम पोटगीचा अर्ज सोबतच द्यावा. समोरच्याला नोटीस बजावल्यापासून तो शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. अंतिम पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते.

समुपदेशकासमोर तडजोड झाली, तर अटी मोघम ठेवू नयेत. ‘वडील योग्य तो खर्च करतील’ यापेक्षा ‘दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आईच्या खात्यात १२,००० रुपये, दर जूनमध्ये १० टक्के वाढ, दवाखान्यात दाखल केल्यास खर्च निम्मा-निम्मा’ असे लिहावे. पैसे रोख देऊ-घेऊ नयेत. खात्यातली नोंद दोघांच्याही कामी येते.

पैसे थकले, तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा. न्यायालय जप्तीचे वॉरंट काढू शकते. तरीही भरणा झाला नाही, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. उलट, देणाऱ्याची नोकरी गेली असेल, तर त्याने परस्पर पैसे बंद न करता रक्कम कमी करून मागावी. मुलाचा खर्च वाढला, तर वाढही मागता येते.

पोटगी आणि भेट या दोन बाबी वेगळ्या आहेत. पैसे आले नाहीत म्हणून ठरलेली भेट अडवू नये, आणि भेट मिळाली नाही म्हणून पैसे रोखू नयेत. दोन्ही हक्क मुलाचे आहेत; तक्रार असेल ती न्यायालयात मांडावी.